दोन बॅटऱ्या आणि एक नट

“गाडी बंद पडणारच नाही. आणि पडलीच, तर सात मिनिटांत चालू! हवं तर घड्याळ लावून बस!”

भोंगासाहेबांनी बायकोला असं ठणकावून सांगितलं, तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही. नुसतं “हं” म्हणाली. लग्नाला एकोणीस वर्षं झालेल्या बायकोचं “हं” काय असतं, ते ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको.

आता हे भोंगासाहेब कोण? तर पंपांच्या कारखान्यातले सुरक्षा अधिकारी. महिन्यातून एकदा, कुणालाही न सांगता, ऐन जेवणाच्या सुट्टीत हे गृहस्थ धोक्याचा भोंगा वाजवणार, साडेतीनशे माणसांना तोंडातल्या घासासकट मैदानात उभं करणार आणि घड्याळ बघून म्हणणार, “चार मिनिटं दहा सेकंद! खरी आग असती, तर अर्धे संपले असते!” याला म्हणतात मॉक ड्रिल. त्यावरून कामगारांनी ठेवलेलं ‘भोंगासाहेब’ हे नाव. एकदा बायकोच्या कानावर गेलं, तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

साहेबांचा जीव होता त्यांच्या मोटारसायकलवर. चौदा वर्षांची गाडी, पण काय तिचा आवाज! कारखान्यात दिवसभर सगळ्यांना ‘हळू, जपून, थांबा’ म्हणणारा हा माणूस फक्त तिच्यावर बसला की मनापासून खूश असायचा. पण मागच्या वर्षी डोंगरावरच्या धरणाच्या वाटेवर तिची बॅटरी बसली. गाडीला किक नाही, सगळं बटणावर. बटण दाबलं की नुसतं टुक्! बाई हेल्मेट काखेत मारून, नव्या सँडलवर, नऊ किलोमीटर चालल्या. त्यानंतर वर्षभर त्या गाडीवर बसल्या नाहीत.

या वर्षी हो म्हणाल्या, पण अट घालून. “एकदाच येते. पुन्हा वाटेत अडकवलंत, तर गाडी विकायची. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर कधीपासून मागताहेत.”

मागताहेत म्हणजे काय, डॉक्टरांनी गाडीसाठी पावसाळी कव्हरसुद्धा आणून ठेवलं होतं!

झालं! साहेबांनी तीन आठवडे तयारी केली. पाने आले, पकडी आल्या, दुसऱ्या गाडीवरून वीज घ्यायच्या केबली आल्या, रबरी हातमोजे आले. हॉलमध्ये सतरंजी अंथरून डोळे मिटून नट काढायचा सराव झाला. कोरी करकरीत दुसरी बॅटरी आली. तिचं खोकं साहेबांनी चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बांधलं आणि वर कारखान्यातलं लाल स्टिकर लावलं : ‘फक्त आपत्कालीन वापरासाठी. सील तोडू नये.’

रविवारी सकाळी दोघं निघाले. साहेब, बाई आणि मध्ये पंधरा किलोंची पिशवी. गाडी चढ अशी चढली की विचारू नका! एक आचका नाही, एक खोकला नाही. साडेदहाला दोघं धरणाच्या माथ्यावर हजर. खाली निळंशार पाणी, वर मोकळं आभाळ, चिटपाखरू नाही.

“पोचलो की हो!” बाई खूश होऊन म्हणाल्या. “तुमची ती पिशवी उघडावीसुद्धा लागली नाही. बरं झालं बाई.”

बरं झालं? साहेबांचं तोंड उतरलं. तीन आठवडे! आणि पिशवी उघडावीसुद्धा लागली नाही! बॅटरी धडधाकट आहे म्हणून हिरमुसलेला जगातला हा पहिलाच माणूस असावा. त्यांनी दोन वेळा उगाच गाडी बंद करून चालू केली. दोन्ही वेळा झटक्यात चालू झाली. कृतघ्न कुठली!

“अगं, ऐक ना,” ते म्हणाले, “घड्याळ लाव जरा.”

“कशाला?”

“मॉक ड्रिल! समज, बॅटरी गेली. आता काढून परत बसवायची. सात मिनिटं.”

“अहो, चालतेय ना ती? मग कशाला हात लावताय?”

“चालतेय तेव्हाच सराव करायचा असतो!”

बाईंनी घड्याळ लावलं. साहेबांनी सीट उचलली, हातमोजे चढवले. एक नट निघाला, तार सुटली. दुसरा नट निघाला. बॅटरी अलगद बाहेर! “दोन मिनिटं चाळीस!” साहेब ओरडले आणि बॅटरी परत आत ठेवून नट उचलायला गेले. पण रबरी मोज्यातून नट सटकला, टाकीवर टण्ण वाजला, दगडावर उडाला आणि उताराच्या गवतात दिसेनासा झाला.

“सात मिनिटं झाली,” थोड्या वेळानं बाई म्हणाल्या.

साहेब उतारावर पालथे पडून गवत विंचरत होते. वीस मिनिटं झाली. पाऊण तास झाला. बाटलीचं एक बूच सापडलं, कुणाचं तरी बटण सापडलं, नट काही सापडेना.

“नुसती तार टेकवून बांधता येणार नाही का? माझी केसांची पिन घ्या.”

“उघडी तार? ठिणगी पडली म्हणजे? पेट्रोलची टाकी आहे शेजारी! नियमात बसत नाही.”

तेवढ्यात अंड्यांचा एक टेम्पो घरघरत वर आला. चालकानं डोकं बाहेर काढलं.

“काय साहेब, बॅटरी बसली काय?”

“छे! बॅटरी ठणठणीत आहे.”

“मग?”

“नट गेला.”

“हां. आणि त्या खोक्यात काय आहे?”

“दुसरी बॅटरी.”

चालकानं इंजिन बंद केलं. “म्हणजे बॅटऱ्या दोन, दोन्ही चांगल्या, आणि गाडी बंद?”

“बंद नाही! ड्रिल चालू आहे.”

चालकानं बाईंकडे बघितलं. बाईंनी धरणाकडे बघितलं.

“बरं, असा नट नाही माझ्याकडं. पण अंडी सरकवतो, गाडी मागं चढवू. तासाभरात गावात.”

साहेबांनी मनात हिशेब केला. टेम्पोतून गाडी घरी गेली, तर सगळी इमारत बघणार. डॉक्टर तर कव्हर घेऊनच खाली येणार! “नको, नको!” ते घाईघाईनं म्हणाले. “आमचं होतच आलंय!” टेम्पो गेला. तो वळणाआड झाला, आणि आता या रस्त्यावर संध्याकाळपर्यंत कोणी येणार नाही, हे साहेबांच्या ध्यानात आलं. आपण पक्के गाढव आहोत, हेही आलं. ते दगडावर मटकन बसले.

“चौदा वर्षं,” ते म्हणाले. त्यांचा आवाज खरंच बसला होता. “एकदाही तिनं मला पाडलं नाही गं.”

बाईंनी एक सुस्कारा सोडला आणि खोकं ओढलं.

“अगं, अगं! सील तोडू नकोस! ते आपत्कालीन वापरासाठी आहे!”

“मग हे काय आहे? सहल?”

“पण बॅटरी गेलेलीच नाही! नियमानं बॅटरी गेल्याशिवाय…”

टर्रर्र! लाल स्टिकर फाटलं. चिकटपट्टी सुटली. नवी बॅटरी बाहेर आली, आणि तिच्या पोटाला चिकटवलेली एक इवलीशी प्लास्टिकची पुडी. पुडीत दोन बोल्ट. आणि दोन नट.

“नवीन बॅटरीबरोबर नट येतात का हो?” बाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं.

“येतात,” साहेब म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

बाईंनी स्वतः नट आवळला. बटण दाबलं. गाडी धडधडत उठली. साहेबांना आनंदानं रडू येईल असं वाटलं, आणि लगेच ती अट आठवली. अडकलो तर होतोच. एक तास आणि दहा मिनिटं.

“मग… विकायची?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“गाडी का विकायची? तिनं बिचारीनं काय केलंय?” बाईंनी हेल्मेटचा पट्टा आवळला. “मला एक सांगा. तुमच्या कारखान्यात चांगलं चालतं यंत्र कुणी विनाकारण उघडून बंद पाडलं, तर काय करता?”

साहेबांना खोटं बोलता येत नाही. निदान सुरक्षेच्या बाबतीत तरी नाही. “यंत्रापासून तीन महिने लांब ठेवतो,” ते पुटपुटले.

“सरका मागं.”

“तुला येते?”

“लग्नाआधी बाबांची चालवायचे. तुम्ही कधी विचारलंत?”

आणि बाईंनी पहिला गिअर टाकला. साहेब मागं बसले, मांडीवर पंधरा किलोंची पिशवी घेऊन. वळणावळणांवर बाई अशा काही सफाईनं गाडी झुकवत होत्या की त्यांना डोळे मिटून घ्यावे लागले. तीन महिने! उतरताना त्यांनी तो नियम मनातल्या मनात चार वेळा तपासला. कुठं पळवाट सापडते का बघितलं. पण नियम त्यांनी स्वतःच लिहिला होता, आणि अपिलाची सोय ठेवायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.