कुठून बसला?

किशनकाका आमच्या घरी आले की आधी चहा मागत नाहीत, आधी फोन मागतात. स्वतःचा नव्हे, आमचा. चपला दाराशी काढायच्या, खुर्ची खिडकीकडे ओढायची, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचा आणि हात पुढे करायचा. तोंडातून शब्द नाही. तो हात बघून परभणी जिल्ह्यातल्या अर्ध्या लोकांनी खिसे चाचपलेले आहेत, कारण काका एसटीत तिकीट तपासनीस होते. काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, हात मात्र अजून नोकरीतच आहे.

फोन हातात पडला की ते एकेका ॲपवर बोट ठेवतात आणि त्या ॲपलाच विचारतात, "कुठून बसला?"

उत्तर आपण द्यायचं. प्ले स्टोअरवरून घेतलं म्हटलं, तर तो डेपोतून बसलेला. त्याच्यावरही काकांचा विश्वास नसतोच, पण निदान त्याला उभं राहू देतात. कुणीतरी पाठवलेल्या लिंकवरून घेतलं म्हटलं, की संपलं. तो फाट्यावरून बसलेला. काकांची निम्मी नोकरी देवगाव फाट्यावर जीप आडवी लावण्यात गेली. फाट्यावर गाडी जरा हळू झाली की धावत येऊन चढणारा माणूस भला असूच शकत नाही, असं त्यांचं मत आहे. दुसरा प्रश्न, "कुठं जायलाय?" म्हणजे या ॲपला फोनमधलं काय काय बघायची परवानगी हवी आहे. या दोन प्रश्नांत ॲप अडखळलं की काका मान न उचलता म्हणतात, "उतरा खाली." आणि ॲप उडवतात.

माझी पहिली गेली ती रांगोळी. मी पिंगळीच्या शाळेत शिकवते, वर्गात काढायला म्हणून ठिपक्यांच्या रांगोळ्यांचं एक ॲप घेतलं होतं. काकांनी त्याच्या परवानग्या उघडल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बाई, रांगोळीला कान कशाला पाहिजेत हो?"

"म्हणजे?"

"माइक मागायलीय ती. तुमी घरात काय बोलता ते ऐकायलीय. उतरा खाली."

हे 'उतरा खाली' कुणाला होतं ते क्षणभर कळलं नाही, मी खुर्चीवरून उठलेच होते.

पुढच्या खेपेला त्यांनी माझं शाळेचं हजेरीचं ॲपही उतरवलं. त्याला कॅमेरा हवा होता आणि मी कुठे आहे तेही हवं होतं. "शाळेला तुमचं तोंड रोज कशाला बघायचंय?" असं म्हणून त्यांनी ते उडवलं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात पाढे घेत असताना कागदोपत्री गैरहजर होते. मुख्याध्यापकांना हे समजावून सांगताना माझ्या तोंडाला फेस आला. काकांना सांगितलं तर म्हणाले, "गैरहजर तर गैरहजर. पण सुखरूप हाव ना?"

आमच्या ह्यांनी एकदा काका येताना दिसले म्हणून फोन पिठाच्या डब्यात लपवला आणि साळसूदपणे खिडकीबाहेर बघत उभे राहिले. काका आले, ह्यांच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "ज्याच्याकडं तिकीट नसतंय तोच आधी खिडकीबाहेर बघतोय. काढा." ह्यांनी निमूटपणे पिठानं माखलेला फोन काढून दिला. त्यात क्रिकेटचा स्कोअर दाखवणारं एक ॲप निघालं आणि त्याला आमच्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांचे नंबर हवे होते. त्या दिवशी मात्र मलाही जरा बरं वाटलं.

माणूस तऱ्हेवाईक, पण अन्यायी नाही. कॉलनीतल्या गुरुजींच्या फोनमधलं पंचांगाचं ॲप त्यांनी असंच धरलं होतं, का तर ते ठिकाण मागत होतं. गुरुजी भडकले. सूर्योदय प्रत्येक गावी वेगळ्या वेळी होतो, गाव माहीत नसेल तर पंचांग वेळ सांगणार कसं, असं त्यांनी ठणकावलं. काका घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बसू द्या त्याला. ह्याचं तिकीट बरोबर हाय." काकांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं.

हळूहळू त्यांची भाषा कॉलनीत रुळली. नळ दुरुस्त करायला नवा माणूस आला की बायका एकमेकींना विचारू लागल्या, "डेपोतला का फाट्यावरचा?" संशय हा पसरतोच. मी तर एकदा सासूबाईंनी पाठवलेल्या लोणच्याच्या बरणीकडेही तशाच नजरेनं बघितलं.

काकू गेल्यापासून काका एकटेच राहतात. मुलगा दूर नोकरीला, सणावाराला येतो. त्यामुळे ते फोन तपासायला येतात की माणसं बघायला, हा प्रश्न मला अधूनमधून पडे. पण विचारायची सोय नव्हती. उलट आपल्यालाच विचारलं असतं, हा प्रश्न कुठून बसला?

मग एका दुपारी ते आले आणि त्यांनी हात पुढे केला नाही. स्वतःचा फोन काढून माझ्या हातात दिला. असं कधीच झालं नव्हतं.

"बाई, हे बघा."

स्क्रीनवर वर नाव होतं, 'अण्णा'. खाली एक फाइल, 'लग्नपत्रिका', आणि तिच्याखाली 'आमच्या घरच्या लग्नाला अवश्य यावे'.

"अण्णा कोण?"

"थोरला भाऊ. राणीसावरगावला असतोय."

काकांना भाऊ आहे हे मला तेव्हा कळलं. मी सवयीनं फाइलवर बोट नेलं तर ते ओरडले, "हात लावू नका!" मग आवाज एकदम खाली आला. "ही अण्णानं पाठवली, का फाट्यावरच्यानं?"

जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारणारा माणूस माझ्याकडे उत्तर मागत होता. आणि खरं म्हणजे उत्तर त्यांना माहीत होतं. फाइलच्या नावाच्या शेवटी ए पी के अशी इंग्रजी अक्षरं होती. पत्रिका असती तर फोटो आला असता, नाहीतर पीडीएफ. हे पत्रिकेचं सोंग घेतलेलं ॲप होतं. असल्या पत्रिकांबद्दल अख्ख्या कॉलनीला त्यांनीच तर बजावलं होतं. एकानं उघडली की ती त्याच्या फोनमध्ये शिरते, त्याचे मेसेज वाचते आणि त्याच्या यादीतल्या सगळ्यांना त्याच्याच नावानं आमंत्रणं धाडते.

"नातीचं असंल असं वाटलं मला," काका म्हणाले. "लग्नाच्या वयाची झाली असंल आता ती."

मग त्यांनी अण्णांशी कसं तुटलं ते सांगितलं. गंगाखेडच्या अलीकडे त्यांनी एक गाडी तपासायला थांबवली होती. आत अण्णा बसलेले, डोक्याला फेटा, शेजारी होणारे व्याही. लेकीची सोयरीक पक्की करून सगळे परतत होते. बाकी सगळ्यांची तिकिटं होती, अण्णांचं नव्हतं. अण्णा हसून म्हणाले, माझा भाऊ साहेब हाय, मला कसलं तिकीट. आणि साहेब म्हणाले, उतरा खाली.

"सगळ्या गाडीदेखत, बाई. व्याह्यादेखत. उतरला बिचारा. मी दंडाची पावती फाडली तर ती बी घेतली गुमान. अन् त्या लग्नाची अक्षत मला आली न्हाई."

तेव्हापासून आमंत्रण नाही, येणं नाही, जाणं नाही. आणि आता इतक्या वर्षांनी अण्णांच्या नावानं लग्नाचं बोलावणं आलं होतं, तेही खोटं. मला त्या पाठवणाऱ्या चोराचा असा राग आला की काय सांगू. लोकांचे पैसे चोरतोस ते चोर, पण हे असलं काही कशाला पाठवतोस?

"उडवून टाका काका," मी म्हटलं.

त्यांनी उडवलं नाही. फोन खिशात घातला आणि चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर काका आमच्या पायरीवर बसलेले. रात्रभर झोपले नसावेत, पण चेहरा उजळलेला.

"बाई, एक सांगा. हा व्हायरस कुणाला जातोय?"

"ज्यांचे नंबर फोनमध्ये आहेत त्यांना."

"माझा हा नंबर रिटायर झाल्यावरचा हाय. जुना ऑफिसात गेला. अण्णाला हा मी दिला न्हाई. पोराला बी इचारलं, त्यानं दिला न्हाई." ते थांबले. "मग त्याच्या फोनात मी कुठून बसलो?"

कुठल्या कोपऱ्यातला कुणी लबाड माणूस फसवायला म्हणून एक फाइल सोडतो, आणि तिच्यामुळे एका म्हाताऱ्याला कळतं की भावानं आपला नंबर जपून ठेवलाय.

"फोन लावा ना मग," मी म्हटलं.

"इतक्या वर्षांनी बोलायचं, आन काय म्हणायचं? अण्णा, तुमच्यात व्हायरस हाय?"

मीच लावून बघितला. फोन बंद. "उशीर केला तर त्याचं बँकेतलं बी जाईल," काका म्हणाले, आणि एवढं कारण त्यांना पुरलं. रविवारी निघायचं ठरलं. तपासणीला साक्षीदार लागतो म्हणून मी. माझं माहेर गंगाखेडचं, मला निमित्त हवंच होतं.

गाडीत कंडक्टरनं काकांना ओळखलं आणि बिचाऱ्याला घामच फुटला. "साहेब, तुमी बसा हो," म्हणत तो पुढे सरकायला लागला. काकांनी त्याला थांबवलं. त्यांचं ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं, माझं बायकांचं अर्धं. ते तिकीट त्यांनी राणीसावरगावपर्यंत मुठीत धरलं होतं. पिंगळी मागे पडलं तसे ते म्हणाले, "अण्णा उतर म्हणला तर उतरायचं. वाद घालायचा न्हाई." मी म्हटलं, काका, आपण घरी चाललोय, गाडीत नव्हे. त्यांनी ऐकलं नाही.

अण्णा अंगणात लिंबाखाली बाजेवर बसले होते. काकांसारखंच नाक, काकांसारख्याच भुवया, फक्त जास्त पांढऱ्या. काका फाटकाशी थबकले. मलाच उगीच घसा खाकरावा लागला.

शेवटी अण्णा म्हणाले, "कुठून बसलास?"

"परभणीहून."

"तिकीट?"

काकांनी मूठ उघडली. चोळामोळा झालेलं तिकीट अण्णांनी हातानं सरळ केलं, लांब धरून वाचलं, उलटं करून मागची बाजूही बघितली.

"अर्धं हाय."

"पासष्टी झाली माझी."

"माझी पंचाहत्तरी झाली. मला आता तिकीटच लागत न्हाई. सगळ्या जिल्ह्यात फुकट फिरतोय." अण्णांच्या मिशा जरा हलल्या. "आता उतरीव बघू मला."

काका मान खाली घालून उभे राहिले. अण्णांनी पाय जवळ घेतले आणि बाजेवर जागा केली.

"बस," ते म्हणाले.

काका बसले.

मग फोनचं निघालं. कुणाच्या तरी नावानं अण्णांनाही तीच पत्रिका आली होती. "लग्नाला बोलावलं तर उघडून बघावं तरी लागतंय ना," अण्णा म्हणाले. त्यांनी उघडली, आणि दुसऱ्या दिवसापासून गाव विचारायला लागलं, तुमच्या घरी लग्न कुणाचं? घरात लग्न नाही न काही नाही. कंटाळून त्यांनी फोन बंद करून फडताळात टाकला होता. काकांनी तो घेतला, आधी इंटरनेट बंद केलं आणि सगळ्या ॲपची यादी उघडून एकेकावर बोट ठेवत गेले. त्या लबाड ॲपचं चित्र समोर कुठेच नव्हतं, यादीच्या तळाशी भलतंच नाव घेऊन ते बसलेलं होतं. "सीटखाली लपलाय," काका म्हणाले. "उतरा खाली." पण नेहमीचा जोर नव्हता. उद्या सकाळी बँकेत जाऊन यायचं त्यांनी अण्णांना दोनदा बजावलं.

ती पत्रिका कुणाकुणाला गेली ते कळवायला हवं, म्हणून मी नंबरांची यादी वाचू लागले. 'आ' वर आले आणि थांबले. तिथे लिहिलं होतं, 'आमचा चेकर'. पुढे काकांचा नंबर.

काकांनी वाकून बघितलं. मग त्यांनी त्या नावावर बोट ठेवलं, पण प्रश्न नावाला नव्हता.

"अण्णा, ह्यो कुठून बसला?"

अण्णा वर लिंबाकडे बघायला लागले. "डेपोतून."

"डेपोतून?"

"तू रिटायर झालास तवा आलतो मी. गाडीला उशीर झाला. तू शाल पांघरून निघून गेलता. तिथल्या साहेबाकडं तू नवा नंबर लिहून ठेवलता, त्यो घेतला. नातीला म्हणलं लिही."

"मग लावला का न्हाई कधी?"

"तू लावलास का?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. मग फोन अण्णांच्या हातात दिला आणि त्यांची बोटं त्यावर नीट मिटवली.

"राहू द्या त्याला," ते म्हणाले. "ह्याचं तिकीट बरोबर हाय."

संध्याकाळी मी गंगाखेडला जायला गाडीत बसले. सकाळचाच कंडक्टर होता. त्यानं माझ्या मागे बघितलं, खिडकीतून बाहेर बघितलं, मग घाबरत विचारलं, "बाई, चेकरसाहेब कुठंयत?"

"ते उतरले," मी म्हटलं. "एक अर्धं द्या."