केळसकरांची पलंग निवड समिती

पलंग ही खाजगी वस्तू आहे, असा एक गैरसमज आपल्या समाजात अजून टिकून आहे. वास्तविक घरात पलंगाइतकी सार्वजनिक वस्तू दुसरी नाही. तो लग्नात सगळ्यांदेखत टेम्पोतून येतो, बाळंतपणात त्याच्याभोवती आळीतल्या बायका बसतात आणि घरात कुणी आजारी पडलं की त्याच्या कडेवर टेकून अख्खी सोसायटी सफरचंद कापते. (कापलेलं सफरचंद शेवटी कोण खातं, याची पाहणी मी केली आहे. आजारी माणसाचा नंबर बराच खाली लागतो.) तेव्हा पलंग कसा असावा हे त्यावर झोपणाऱ्यांनी ठरवणं म्हणजे रस्ता कुठे खणावा हे चालणाऱ्यांनी ठरवण्यासारखं आहे. असं कुठेच होत नाही, आणि नवी मुंबईसारख्या नियोजनबद्ध शहरात तर होऊच नये.

कामोठ्यातल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या दिनानाथ केळसकरांनी मात्र असा प्रयत्न केला. दिनानाथराव वाशीच्या मसाला मार्केटात एका व्यापाऱ्याचे हिशेब सांभाळतात. त्यांच्या पत्नी अरुणाबाई शाळेत मराठी शिकवायच्या. गेल्या वर्षी त्यांना पॅरॅलिसिसचा झटका आला आणि उजवं अंग गेलं. हात हलत नाही, पाय हलत नाही, त्या बाजूला कुणी चिमटा काढला तरी कळत नाही. बोलणं शिल्लक आहे, पण फार सावकाश. त्यांच्या दोन शब्दांच्या मधल्या वेळात रिक्षा गल्लीत शिरून, वळून, परत बाहेर पडू शकते. पूर्वी बाईंचं वाक्य संपेपर्यंत वर्गातली मुलं खिडकीबाहेरसुद्धा बघत नसत. आता त्यांचं वाक्य कुणीही मध्येच उचलतं आणि पूर्ण करून देतं. लोक फार मदत करतात.

हॉस्पिटलातून आल्यापासून अरुणाबाई हॉलमध्ये, भाड्याने आणलेल्या लोखंडी कॉटवर झोपत होत्या आणि दिनानाथराव आत, लग्नातल्या पलंगावर, एकटे. त्यांना आता बटणावर डोकं-पाय वरखाली होणारा पलंग घ्यायचा होता, तोही दोघांचा, आणि बेडरूममध्ये. तीस वर्षं आम्ही शेजारी झोपलो, आता तिलाही झोप लागत नाही आणि मलाही, एवढंच कारण त्यांनी दिलं. कारणात तांत्रिक असं काहीच नसल्यामुळे समिती नेमावी लागली.

अध्यक्षपद बाजीरावांकडे गेलं. बाजीराव हे दिनानाथरावांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते कऱ्हाडहून वहिनींना भेटायला म्हणून चार दिवसांसाठी आले होते आणि समितीचं काम लक्षात घेऊन थांबले होते. मुलगी नमिता बंगळुरूहून मोबाईलच्या पडद्यावर सदस्य झाली. मी सोसायटीचा सेक्रेटरी; लिफ्टमधून जे वर जातं ते माझ्या अखत्यारीत येतं, म्हणून मी. दिनानाथरावांना वाईट वाटू नये म्हणून त्यांनाही घेतलं. अरुणाबाईंना घेतलं नाही. त्या लाभार्थी होत्या, आणि लाभार्थ्याने समितीवर बसणं नियमाला धरून नाही.

पहिली बैठक अरुणाबाईंच्या कॉटभोवतीच झाली. बाजीरावांचं मत असं पडलं की हॉस्पिटलचा असतो तसा सिंगल पलंग पुरे. आपल्याकडे याबाबतचे संकेत अगदी स्पष्ट आहेत. नवरा अंथरुणाला खिळला तर बायको त्याच्या पलंगाशेजारी जमिनीवर सतरंजी टाकते. याला सेवा म्हणतात. बायको खिळली तर नवऱ्याची झोपमोड होऊ नये म्हणून त्याला वेगळी खोली देतात. याला व्यवहार म्हणतात. नमिताने आईच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी हवी, हे चांगलं सुचवलं. मग ती जरा अडखळत म्हणाली, "आणि बाबा, आता या वयात डबल म्हणजे…" तेवढ्यात पडदा गोठला. राहिलेलं वाक्य तिला कुणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना पाठ होतं.

या वेळी कॉटवरून आवाज आला. अरुणाबाई म्हणाल्या, "मला… यांच्या…"

वेळेचं भान ठेवणं हे सेक्रेटरीचं काम असतं. मी लगेच त्यांना मदत केली. यांच्या मतावर सोपवायचंय, असं त्यांचं म्हणणं असल्याचं मी जाहीर केलं. सर्वांनी अरुणाबाईंच्या समजूतदारपणाचं कौतुक केलं. फक्त त्यामुळे निर्णय दिनानाथरावांकडे गेला आणि त्यांनी दोघांचा पलंग निवडला. मदतीचे असे दुष्परिणाम कधीकधी होतात.

पुढच्या रविवारी समिती वाशीला गेली. लाभार्थीलाही नेलं होतं, पण चालता न येणाऱ्यांचं सामान विकणाऱ्या त्या दुकानाला चांगल्या ऐसपैस पायऱ्या होत्या. त्यामुळे अरुणाबाई व्हीलचेअरवर खाली फुटपाथवर राहिल्या, दिनानाथराव त्यांच्यावर छत्री धरून उभे राहिले आणि पलंगाची चाचणी बाजीरावांनी घेतली. बाजीरावांची दोन्ही अंगं धडधाकट आहेत, त्यामुळे चाचणी दुप्पट विश्वसनीय झाली.

सेल्समन मुलगा हुशार होता. "काका, रिमोट घ्या हातात. हे झिरो ग्रॅव्हिटी. अंतराळवीर असेच झोपतात," तो म्हणाला. अंतराळवीरांच्या बायका कुठे झोपतात, असं बाजीरावांनी विचारलं. कॅटलॉगात त्याचा उल्लेख नव्हता. पलंग मात्र खरोखर नामी होता. एका चौकटीत दोन भाग, दोन्हीला वेगळी मोटर, वेगळा रिमोट. एकाने डोकं वर केलं तरी दुसरा आडवा राहू शकतो. मध्ये फट नाही, म्हणजे हात इकडून तिकडे जाऊ शकतो. व्हीलचेअरच्या उंचीला येईल इतका तो खाली उतरतो. मोटरला दहा वर्षांची वॉरंटी, सांगाड्याला आयुष्यभराची (कुणाच्या, ते छापलेलं नव्हतं). बाजीराव त्यावर घोरू लागले तेव्हा समितीची खात्री पटली.

लाभार्थीला विश्वासात घ्यावं म्हणून मी दिनानाथरावांच्या फोनवर व्हिडिओ कॉल करून त्यांना फुटपाथवर पलंग दाखवला. नमितालाही जोडून घेतलं होतं. अरुणाबाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला… यांच्या बाजूला…"

"हो ग आई, बाजूलाच. त्यासाठीच तर डबल घेतोय," नमिता म्हणाली आणि तिला भरून आलं. मलाही आलं. अशा क्षणी पुढचं ऐकायला कुणाला सुचतं?

पलंग आला आणि कुठला भाग कुणाचा, हा प्रश्न उभा राहिला. त्यावर फार मतभेद झाले नाहीत. बायको नवऱ्याच्या डावीकडे, असा निर्णय बाजीरावांनी धर्माच्या आधारे दिला. लग्नात बसली तिथेच झोपायचं, ते म्हणाले. मी विजेच्या आधारे पाठिंबा दिला, कारण गादीच्या पंपाची वायर तिथल्याच प्लगपर्यंत पोचत होती. नमिताने सुरक्षिततेच्या आधारे अनुमोदन देऊन त्या कडेला स्टीलचा कठडा ठोकून घ्यायला लावला. धर्म, वीज आणि सुरक्षितता एका बाजूला आल्याचं माझ्या कारकिर्दीतलं हे पहिलंच उदाहरण. अरुणाबाईंना डाव्या भागावर नीट निजवलं.

"मला… यांच्या…" त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून सुरुवात केली.

"आवडला ना?" या वेळी दिनानाथरावांनीच विचारलं. बिचाऱ्यांना फार आनंद झाला होता. अरुणाबाईंनी डोळे मिटून घेतले. समितीने तो होकार समजून टाळ्या वाजवल्या.

मग दिनानाथरावांना उजव्या भागावर झोपवून बाजीरावांनी रिमोटची सगळी बटणं एकदा दाबून दाखवली. डोकं वर, गुडघे वर, दोन्ही वर, आणि वीज गेली. दिनानाथराव घडी घातल्यासारखे अडकले. त्यांचं पोट सुटलेलं आहे, गुडघे दुखतात. त्या खळग्यातून त्यांना एकट्याने उठता येईना. बाजीराव फोनवरच्या नमितासह वॉचमनला जाब विचारायला खाली गेले. मी दारात चपला शोधत होतो, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

पंखा बंद, टीव्ही बंद, पंपाची घरघर बंद. एक माणूस बोलणारा आणि दुसऱ्याला उठून जाता येत नाही, अशी परिस्थिती त्या घरात वर्षभरात पहिल्यांदाच आली होती.

"मला… तुमच्या… उजवीकडे… घ्या," अरुणाबाई म्हणाल्या. मग थांबल्या. नेहमीप्रमाणे कुणीतरी बोलेल म्हणून थांबल्या असाव्यात. कुणी बोललं नाही. "म्हणजे… माझा डावा हात… तुम्हाला लागेल. इकडच्या बाजूला… तुम्ही आहात का नाही… मला कळतच नाही."

दिनानाथराव रडले. (झिरो ग्रॅव्हिटीत असं होऊ शकतं. कॅटलॉगात उल्लेख नाही.) एवढ्या साध्या गोष्टीसाठी एवढा वेळ लागला, याचं मलाही वाईट वाटलं, पण बाजीराव वर येत होते, म्हणून मी ते आवरलं.

वीज आल्यावर दिनानाथरावांनी दोघांच्या उशा अदलाबदल केल्या, बायकोला उचलून पलीकडच्या भागावर ठेवलं, कठडा पान्याने काढला आणि पंपाला एक्स्टेन्शन लावलं. वॉरंटी त्याच संध्याकाळी संपली. हे शास्त्राला धरून नाही, असं बाजीरावांनी परोपरीने सांगितलं.

"भाऊजी, तिचा हात पोचतोय," दिनानाथराव म्हणाले. त्यांनी समितीचा राजीनामा दिला आणि बेडरूमचं दार आतून लावून घेतलं. त्या दाराची आतली कडी लागताना आम्ही पहिल्यांदाच ऐकली. बाजीराव दुसऱ्या दिवशी कऱ्हाडला गेले.

समिती अर्थातच बरखास्त झालेली नाही. इमारतीत वयस्क माणसं पुष्कळ आहेत आणि पलंग लागतच राहणार. सध्या एक जागा रिकामी आहे आणि तुम्हाला घ्यावं असं माझं मत आहे. अरुणाबाईंचं कुठलं अंग गेलंय, हे मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं. त्यांना डावीकडे निजवलं, हेही तुमच्यादेखत झालं. त्यांनी तुमच्यासमोर तीनदा वाक्य सुरू केलं, आणि तुम्ही वॉरंटी किती वर्षांची ते वाचत पुढे गेलात. समितीला याहून जास्त पात्रता लागत नाही. बैठक रविवारी आहे. चहा आमच्याकडे; येताना सफरचंद आणा.