हाक नको असलेला साळिंदर

एका जंगलात एक साळिंदर राहत होता आणि त्याला कोणाचंही ऐकायचं नव्हतं. मुलांनो, तुम्हालाही ऐकायचं नसतं, ठाऊक आहे मला. पण तुम्ही त्यासाठी संघटना काढत नाही. यानं काढली.

त्याचं नाव भालोजी. पाठीवर हातहात लांब काटे. रागावला की ते असे खडखडायचे की रानडुक्करसुद्धा मुकाट्यानं वाट सोडायचं. भालोजीला वाटे, हा आपल्या विचारांचा दरारा आहे.

त्या जंगलात एक जुनी रीत होती. डोहाकाठच्या उंबरावर हुप्पाजी नावाचे म्हातारे वानर बसायचे. बिबट्या दिसला रे दिसला की ते "खक्! खक्!" करून रान डोक्यावर घ्यायचे. मग हरणं, ससे, मोर, सगळ्यांची पांगापांग. त्या बदल्यात त्या उंबराची फळं हुप्पाजींची. खाली पडलेलं फळही कोणी तोंडात घालायचं नाही. बस्स, एवढीच रीत.

एकदा भालोजी पाणी पीत होता. त्याच्या नाकासमोर एक पिकलेलं उंबर टपकन पडलं. त्यानं तोंड पुढे केलं, तोच शेजारची चितळी म्हणाली, "अहो, ते हुप्पाजींचं आहे."

"कोणी ठरवलं?"

"पहिल्यापासूनच आहे तसं."

"मला विचारलं होतं? मी पंजा उमटवून दिला होता कुठं?"

चितळीनं पाण्यात तोंड घातलं. तिला तहान लागली होती. आपण वादात जिंकलो, असं समजून भालोजीनं उंबर खाल्लं. मुलांनो, पुष्कळ मोठ्या चळवळी अशाच एका घासातून निघतात.

त्यानं संघ काढला. 'स्वतंत्र प्राणी संघ'. पहिल्या सभेत अध्यक्ष कोण, यावरच सगळं घोडं अडलं. अध्यक्ष म्हणजे सत्ता, आणि सत्ता तर नको. मग सगळ्यांनी एकदमच भाषणं केली. कोणी कोणाचं अक्षरही ऐकलं नाही. सभा फार यशस्वी झाली, असं भालोजीचं मत पडलं.

सभेला गुहा दिली होती ठिपकेसाहेबांनी. ठिपकेसाहेब म्हणजे बिबट्या. घाबरू नका, त्या दिवशी त्यांचं जेवण झालेलं होतं.

"माझा तर या हाकेला पहिल्यापासून विरोध आहे," साहेब डोळे पुसत म्हणाले. "मी नुसता पाय मोकळे करायला निघालो तरी हा म्हातारा बोंबलतो. मला काही खाजगी आयुष्य आहे की नाही?"

भालोजी साहेबांकडे कौतुकानं बघतच राहिला. इतका समंजस श्रोता त्याला आजवर भेटला नव्हता.

संघाचा सर्वांत कट्टर कार्यकर्ता होता दगडू ससा. दगडूच्या अंगावर काटा यायचा तो फक्त भीतीनं. पण भालोजीशेजारी बसलं की त्याला आपणही टोकदार असल्यासारखं वाटायचं. तो टाळ्या वाजवायचा. कशाला वाजवतोय, हे त्याला नंतर भालोजी समजावून सांगायचा.

घरी शेवंताबाई होती. भालोजीची बायको. तिचे दिवस भरत आले होते.

"अहो, ऐकता का?" ती म्हणाली. "आपल्या पिल्लांचे काटे जन्मतःच टणक नसतात. मऊ असतात, गवतासारखे. तेवढे दिवस तरी ती हाक राहू द्या."

"माझी पिल्लं स्वावलंबी निघतील," भालोजी म्हणाला आणि भाषणाची तयारी करू लागला.

शेवंताबाई बिळात गवत अंथरू लागली. तिच्या संसारात हे वाक्य फार वेळा येऊन गेलं होतं.

शेवटी भालोजीनं उंबराखाली उभं राहून सुधारणा जाहीर केली. "ज्याला हाक हवी, त्यानं आपलं फळ देऊन हुप्पाजींशी आपापलं ठरवावं. ज्याला नको, त्याच्यावर ती लादू नये!"

हुप्पाजींनी डोकं खाजवलं. "अहो भालोजीराव, हाक अशी वाटून कशी मारू? तोंडातून सुटली की सगळ्या रानाला जाते."

"तो तुमचा प्रश्न. कानात सांगत जा."

म्हातारा भला होता. त्यानं तेही करून पाहिलं. ज्यांनी फळ दिलं, त्यांच्यापाशी तो झाडावरून उतरून जायचा आणि कानात हळूच म्हणायचा, "खक्." दगडूच्या धाकट्या भावानं इमानेइतबारे फळ दिलं होतं. हुप्पाजी धापा टाकत त्याच्यापर्यंत पोचले, तेव्हा तिथं फक्त पावलांचे ठसे होते. सशाचे आणि साहेबांचे. पुढे फक्त साहेबांचे.

दगडू धाय मोकलून रडला. भालोजी सांत्वनाला गेला. "त्यानं स्वतः निवड केली होती, दगडू. निवड करता करता गेला. असं मरण सगळ्यांना मिळत नाही."

दगडूनं रडता रडता टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून हुप्पाजींनी तोंडच मिटलं. "मला नाही बुवा जमत," म्हणाले आणि उंबराच्या शेंड्याला पानांत जाऊन बसले. खालची फळं सगळ्यांनी मिळून फस्त केली. पहिला घास अर्थातच भालोजीचा.

आणि मग शेवंताबाई बाळंत झाली. दोन पिल्लं. गुलाबी नाकाची, मऊ काट्यांची. हात फिरवला तर गुदगुल्या व्हाव्यात. भालोजीनं त्यांना हुंगलं आणि त्याचं त्यालाच कळेना, आपल्याला रडू का येतंय. पण संध्याकाळी विजयसभा होती, म्हणून तो गेला.

गुहेत सगळे जमले. साहेब मात्र आले नव्हते. "त्यांना काम निघालं," कोणीतरी म्हणालं. भालोजीनं झकास भाषण केलं आणि तिन्हीसांजेला घराकडे निघाला.

टेकाडावर आला आणि जागच्या जागी थिजला. खाली त्याच्या बिळाच्या तोंडाशी साहेबांची शेपटी हलत होती.

भालोजीचे सगळे काटे उभे राहिले. काय उपयोग! बीळ पार उताराखाली होतं. तो जीव खाऊन धावला. साळिंदर कितीसं धावणार? त्याला ओरडायचं होतं, पण साळिंदराचा आवाज मेला लांब जातच नाही. तो काटे खडखडवू लागला. ते ऐकायला जवळ कोणी नव्हतं. त्यानं वर उंबराकडे पाहिलं. त्याची ती आवडती, मोकळी झालेली फांदी. त्या फांदीवर आत्ता कोणीतरी बसलेलं असावं, असं त्याला इतकं वाटलं, इतकं वाटलं की छातीत कळ आली.

आणि शेंड्यावरून आवाज आला.

"खक्! खक्! खक्!"

अख्खं रान जागं झालं. चितळांनी पाय आपटले, मोर ओरडले, टिटवीनं आकाश पाताळ एक केलं. उघडे पडल्यावर साहेब थांबत नाहीत. ते अंग झटकून, जणू वाट चुकल्यासारखे, झुडपांत शिरले.

भालोजी बिळात कोसळला. पिल्लं दूध पीत होती. त्यानं दोघांना हुंगून पाहिलं.

"हुप्पाजी ओरडले कसे?" त्यानं विचारलं. "ते तर गप्प बसले होते."

"तुम्ही सभेला गेलात की मी रोज त्यांना उंबरं नेऊन देत होते," शेवंताबाई म्हणाली. "पलीकडच्या ओढ्यावरची. पाठीच्या काट्यांना टोचून. अवघडल्या अंगानं. आज सकाळीसुद्धा दिली."

भालोजी खाली मान घालून बसला. मुलांनो, आता तुम्हाला वाटेल, याला उपरती झाली. मलाही तसंच वाटलं होतं.

सकाळी त्यानं सभा बोलावली.

"बंधूंनो, काल आपलं तत्त्व सिद्ध झालं!" तो गरजला. "ना रीत, ना सक्ती. माझ्या घरच्यांनी स्वखुशीनं फळ दिलं, हुप्पाजींनी स्वखुशीनं हाक दिली. झालं की नाही काम?"

दगडूनं भीत भीत पंजा वर केला. "भालोजीराव, ती हाक मलाही ऐकू आली. माझी चार पोरं त्यामुळे बिळात पळाली. वाचली हो!"

भालोजीचा चेहरा कठोर झाला. "दगडू, फळ आम्ही दिलं आणि हाक तू फुकट ऐकलीस. याला चोरी म्हणतात."

दगडू शरमेनं लाल झाला. त्यानं सगळ्यांची माफी मागितली. साहेबांनी गुहेच्या दारातून पहिली टाळी वाजवली.

शेवंताबाई सभेला नव्हती. ती पाठीला उंबरं टोचून डोहाकडे निघाली होती.

तात्पर्य: ज्याच्या पाठीवर काटे आहेत, त्यानं कोणाच्याही हाकेचं मिंधं राहू नये. ते काटे टणक होईपर्यंत काय करायचं, ते बायको बघते.