तांबोळी गुरुजींची ओसरी

तांबोळी गुरुजी शिकवायला बसले की मुलं वर आणि मास्तर खाली. शाळेच्या ओसरीच्या काठावर पाय सोडून आठ-दहा पोरं बसत आणि गुरुजी अंगणातल्या सगळ्यात खालच्या पायरीवर, मान वर करून. कुणी विचारलं तर म्हणत, "वरून काय दिसत न्हाई, राव."

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मंचरच्या शाळेत मी चौथीचा मास्तर. ट्रेनिंगला पहिला आलेला, वळणदार अक्षराचा आणि छडीचाही. तांबोळी जुन्नरचे, नुसते सातवी फायनल पास, बिनलग्नाचे. दोन-दोन वर्षं पहिली-दुसरीत बसलेली पोरं हेडमास्तरांनी त्यांच्या गळ्यात मारली होती. गाव त्या वर्गाला 'ढ ओसरी' म्हणे.

पाटी पाहिली की या पोरांना घाम फुटे. म्हणून गुरुजींनी पाटीच बंद केली. तांब्यात बोट बुडवायचं आणि तापलेल्या फरशीवर अक्षर काढायचं. चुकलं तर गुरुजी काही बोलायचेच नाहीत. अक्षर आपोआप वाळून जाई. "चूक पुसायचं काम उनाचं. आपुन कशाला हात लावायचा?" आभाळ आलं की लिहिणं बंद. मग भुईमुगाच्या शेंगांवर बेरजा चालत आणि बेरीज जमली की उत्तर खाऊन टाकायचं.

मी हसत होतो तोवर बरं चाललं होतं. मग माझी कुसुम दुसरीत वाचायला अडली आणि हेडमास्तरांनी तिला ओसरीवर पाठवलं. चौथीच्या मास्तरची पोर ढ ओसरीवर. मधल्या सुट्टीत मी तीन दिवस मास्तरांच्या खोलीत चहाला गेलो नाही.

घरी पुस्तक समोर धरलं की तिचे ओठ मिटत. ओसरीवर मात्र तिचा आवाज माझ्या वर्गापर्यंत ऐकू येई. जेवताना आमचे गुरुजी असं म्हणतात, आमचे गुरुजी तसं म्हणतात. आमचे म्हणजे मी नव्हे. साध्या मराठीत सांगायचं तर मी जळत होतो. शेवटी लाज सोडून एका रविवारी तिला बाजेवर बसवलं, पाण्याचा तांब्या घेतला आणि स्वतः जमिनीवर मांडी घातली. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "नाना, तुमी खाली बसलं तरी रागावल्यालंच दिसता."

दिवाळीच्या आधी कुसुमनं अख्खा धडा घडाघडा वाचला. त्याच दुपारी गुरुजींनी तिचं दप्तर उचललं आणि तिला दुसरीच्या वर्गात नेऊन बसवलं. ती घरी येऊन खूप रडली. मला मात्र सुटल्यासारखं झालं. आता पोर माझी, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

पुढच्या आठवडे बाजारात आम्ही दोघं गेलो. परगावच्या एका बटाटेवाल्यासमोर गुरुजी उकिडवे बसून एकट्यापुरते पावशेर बटाटे निवडत होते. कुसुमनं त्यांना पाहिलं आणि तोंड फिरवून ती सरळ पुढं गेली. खोटं कशाला सांगू, मला गुदगुल्या झाल्या. तरी बाप म्हणून दटावणं भाग होतं. गुरुजींना नमस्कार का केला नाहीस, असं मी विचारलं.

ती माझा सदरा ओढून हळूच म्हणाली, "त्यांनीच सांगितलंय. मोठ्या वर्गात गेलं की बाजारात त्यांना वळख दाखवायची न्हाई. न्हाईतर लोकं म्हनत्याल, ही ढ ओसरीवरची."

सगळ्याच पोरांना ते असं सांगून पाठवतात, म्हणाली.

मी बाजारात नजर फिरवली. ओसरीवरून पुढं गेलेली चार-पाच पोरं मला तिथंच दिसली. कुणी आईचा पदर धरून, कुणी बापाबरोबर. एकही गुरुजींच्या बाजूला फिरकत नव्हतं. इतके दिवस मी कुणावर जळत होतो, याची मला फार लाज वाटली.

कुसुमचा हात धरून मी मागं फिरलो आणि वाकून नमस्कार केला. गुरुजी गडबडीनं उठले. त्यांनी बटाटेवाल्याकडे एकदा पाहिलं, मग कुसुमकडे.

"ही कोन? तुमची पोरगी का?"

"हो," मी म्हणालो.

"हुशार दिसतीया," ते म्हणाले आणि पुन्हा बटाटे निवडायला बसले.