मिलिमीटररावांचे बूट

मिलिमीटररावांच्या हातून माप चुकणं अशक्य! असं त्यांचं स्वतःचं मत होतं, आणि आजवर ते कुणी तपासलं नव्हतं. इमारतींचे आराखडे काढण्यात वीस वर्षं गेलेली. हे नाव ऑफिसनेच ठेवलेलं. घरी मात्र एक दुखणं होतं. दर रविवारी बायकोबरोबर सायकलवर निघायचं आणि टेकडीच्या अर्ध्या चढावर दम लागून उतरायचं. बायको शाळेत खेळ शिकवणारी. ती वर जाऊन थांबायची, हे सायकल ढकलत पोचायचे, आणि तोवर थर्मासमधला चहा कोमट झालेला असायचा. एकदा तरी तिच्या बरोबरीने माथ्यावर पोचायचं, एवढीच बिचाऱ्यांची इच्छा होती.

बराच विचार केल्यावर दोष बुटांत निघाला. दमात नव्हे हं! पेडलला अडकणारे खास बूट मिळतात. त्यांच्या तळाला क्लीट नावाचा तुकडा स्क्रूने बसवतात. तो नेमका कुठे बसतो त्यावर पायाची सगळी ताकद अवलंबून, असं रावांनी कुठेतरी वाचलं. झालं! कागदावर उभं राहून त्यांनी दोन्ही पावलं आखली, अंगठ्यामागच्या हाडापाशी फुल्या मारल्या, आणि बदकासारखे बाहेर वळणारे आपले पाय किती अंशांनी वळतात तेही कोनमापकाने मोजलं.

दुकानात त्यांनी नऊ जोड उलटे करून पाहिले. कुणाची स्क्रूची भोकं पुढे, कुणाची फारच पुढे. एकदा पाय घालून तरी बघा, म्हणून दुकानदार विनवत होता. रावांनी त्याला कागद दाखवला. दहाव्या जोडाची भोकं पार मागे होती, फुल्यांशी तंतोतंत जुळणारी. घरी येऊन त्यांनी बूट पालथे घातले, शेजारी कागद ठेवला आणि रेघेला रेघ जुळवून क्लीट आवळले.

आता गंमत बघा. आराखडा वरून काढलेला, आणि क्लीट बसवायचे खालून! बूट पालथा केला की कोनही उलटा होतो, हे एवढ्या अनुभवी माणसाच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी पाय खट्कन अडकले. चवडे आत, टाचा बाहेर. पाय सोडवायचा तर टाच बाहेर फिरवावी लागते, आणि ती तर आधीच फिरायची तेवढी फिरून बसलेली. रावांना हे कळलं अर्ध्या चढावर, दम लागल्यावर. टाच फिरवली तर गुडघा कुरकुरला, पाय काही सुटेना. थांबावं तर सायकलसकट आडवं व्हायचं! मग जिवाच्या भीतीने त्यांनी पेडल मारायला सुरुवात केली. बायकोने मान वळवून पाहिलं तर नवरा शेजारी.

माथ्यावर ती उतरली. तिचा चेहरा असा फुलला होता की रावांना भरून आलं. तिने घाईघाईने वाफाळता चहा ओतला, कप पुढे केला, आणि राव कपासमोरून पलीकडच्या उताराला लागले.

खाली वाळूच्या ढिगात ते सावकाश कलंडले. बायको मागोमाग आली, बंद सोडून तिने त्यांचे पाय बाहेर ओढले. बूट सायकललाच राहिले.

"लागलं का हो?"

"ते राहू दे. आलो ना तुझ्याबरोबर वर?"

"आलात. थांबला असतात तर बोललोही असतो. उद्या दुकानातून ते क्लीट नीट बसवून आणू."

"अजिबात नको," वाळू झटकत राव म्हणाले. "पुढच्या रविवारी चहा नंतर ओत. आधी मला धर."