चार मजल्यांचं मलम

मलमरावांनी गरम पातेलं सिंकमध्ये उपडं केलं आणि वर गार पाण्याचा नळ सोडला. हा केवढा अपराध आहे, हे इमारतीत त्यांच्याइतकं कुणालाच कळलं नसतं. बावीस वर्षं क्रीमच्या कारखान्यात काढलेला माणूस! गार पाण्याने मेण थिजतं, हे त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण जिन्यात बायकोच्या चपला वाजल्या होत्या आणि पातेलं तिचं होतं. दुधाचं.

त्याचं असं झालं. कारखान्याच्या मालकीणबाईंनी कुठल्याशा झुडपाच्या पानांचा मेणचट अर्क हौसेने पिंपभर घेऊन ठेवला होता. मलमरावांनी तो पाण्यात घातला, तर तरंगला. ग्लिसरीनमध्ये घोटला, तर गोळ्या झाल्या. तशीच क्रीम केली, तर गालाला लावताना भांडी घासल्यासारखं वाटायला लागलं. "सोमवारी मऊ नमुना माझ्या टेबलावर हवा," मालकीणबाईंनी बजावलं होतं, "नाहीतर मंगळवारपासून तुम्ही बाटल्यांना लेबलं चिकटवा." म्हणून रविवारी सकाळी, बायको बाजारात गेल्याचं बघून, त्यांनी तो अर्क तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरीच पाण्यात उकळून पाहिला होता. अर्क वितळला, पण पाण्याशी बोलायला तयार नव्हता.

"अहो, सिंकमधलं पाणी का जात नाहीये?"

"जाईल गं. त्याला जरा वेळ दे."

बायकोची पाठ वळताच मलमरावांनी किटलीभर उकळतं पाणी ओतलं. गुडगुड झाली आणि तुंबलेलं सगळं खाली गेलं. मलमरावांचा जीव भांड्यात पडला. मेण पाइपात जाऊन पुन्हा थिजतं, हे त्यांना त्या क्षणी आठवलं नाही. किंवा आठवलं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही.

ते थिजलं दुसऱ्या मजल्यावर. तिथले निवृत्त हेडमास्तर शिस्तीचे. त्यांनी तुंबलेल्या सिंककडे चष्म्यातून रोखून पाहिलं, साबणाची पूड तीन मुठी घातली आणि वर उकळतं पाणी ओतलं. सगळं सुरळीत झालं, म्हणजे पहिल्या मजल्यावर गेलं. तिथल्या शिवणकामवाल्या वहिनी बटाट्याचे काप तळत होत्या. गरम तेलाने सगळं सुटतं, असं त्यांच्या आत्याने कधीतरी सांगितलं होतं. त्यांनी कढईच रिकामी केली आणि पाठोपाठ बादलीभर कढत पाणी सोडलं. आपल्या घरातून गेलं म्हणजे जगातून गेलं, अशा समाधानात तिन्ही मजले हात पुसून मोकळे झाले.

आणि तळमजल्यावरून घरमालकीण मावशींची हाक आली. ती ऐकून माणसं जिना उतरत नसत, घरंगळत.

मावशींच्या मोरीच्या जाळीतून पांढरंशुभ्र काहीतरी संथपणे वर येत होतं. मावशी त्यात अनवाणी उभ्या होत्या, हातात खराटा. "कुणी केलं हे? आत्ताच्या आत्ता सांगा. त्याला बिऱ्हाडासकट बाहेर काढते!"

हेडमास्तर छताकडे बघू लागले. वहिनींना गॅसवर काहीतरी राहिल्याचं आठवलं. मलमरावही गप्पच राहणार होते, पण बावीस वर्षांची सवय वाईट. ते वाकले, बोटावर थोडं घेतलं आणि चोळलं. पुन्हा चोळलं. एक कण लागेना.

"विरघळला!" ते किंचाळले. "मावशी, विरघळला माझा अर्क!"

"म्हणजे तुम्ही?"

"हो, मीच! पण त्यात आणखी काय पडलं ते सांगा! हेडमास्तर, तुम्ही काय ओतलंत?"

"मी? छे! मी वर्तमानपत्र वाचत होतो."

"वहिनी, तुम्ही?"

"आम्ही कशाला काय ओतू?"

मलमरावांनी चक्क हात जोडले. "अहो, परवापासून लेबलं चिकटवायची पाळी येईल हो माझ्यावर! बाहेर काढायचं तर मला एकट्याला काढा, पण खरं सांगा."

त्यांचा आवाज इतका केविलवाणा झाला की हेडमास्तरांनीच चष्मा काढला. "साबण," ते पुटपुटले. "तीन मुठी. आणि उकळतं पाणी."

"तेल," वहिनी म्हणाल्या. "कढईभर. कडकडीत."

मलमरावांनी कपाळावर हात मारून घेतला. मेणाला हवं होतं गरम तेल, आणि बावीस वर्षांचा हा जाणकार त्याला पाण्यात लोटत होता! आधी तेलात वितळवायचं, मग साबणाच्या जातीचं काहीतरी घालून गरम पाण्यात घुसळायचं. घुसळायचं काम इथे पाइपाने केलं होतं.

संध्याकाळपर्यंत मलमरावांनी मावशींची मोरी गुडघ्यावर बसून धुतली. सोमवारी कारखान्यात स्वच्छ तेल घेऊन नमुना केला. मालकीणबाईंनी तो बोटावर चोळला, कण शोधला, सापडला नाही. "लेबलं राहू द्या," त्या म्हणाल्या. मलमरावांना रडू यायचंच बाकी होतं.

घरी येताना पहिली डबी त्यांनी मावशींना नेऊन दिली, माफी म्हणून. मावशींनी ती निमूटपणे घेतली, हेच नवल.

पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात मावशी. मागे हेडमास्तर साबणाचा डबा घेऊन आणि वहिनी कढई घेऊन, दोघंही ओशाळलेले.

"मावशी, आज माझं सिंक अगदी स्वच्छ आहे हो!"

"तेच म्हणते मी." मावशींनी पाऊल पुढे करून टाच दाखवली. पंधरा वर्षांच्या भेगा, आणि आता एकही नाही. "तुमची डबी बरी आहे, पण त्या दिवशी मोरीत आलेल्याची सर नाही तिला. हात कसले जोडताय? ओता लवकर. मी खाली जाऊन उभी राहते."