सरकारी बाधा

प्रियदर्शनीला बाधा झालीय, याबद्दल अंबुबाईंच्या मनात तिळभरही शंका उरली नव्हती. नाहीतर भाकरी थापता थापता "आत्या, आमी शहरात, जुळे सोलापुरात खोली करून ऱ्हातो की," असं कुठली सून तोंड वर करून म्हणेल? पोरगी तशी गुणाची होती. म्हणजे हे बोलणारं आतलं दुसरंच कुणीतरी असणार! लेकाला, बिरुदेवाला, विचारून उपयोग नव्हता. तो रोज सोलापूरच्या टॉवेल कारखान्यातून मोटारसायकलवर धूळ खात घरी यायचा, आईला "व्हय" म्हणायचा, बायकोलाही "व्हय" म्हणायचा आणि जेवून झोपायचा.

अशातच वळसंगच्या पलीकडच्या अंबुबाईंच्या वाडीवर सरकारची नजर पडली. शत्रूनं विषारी वायूचा बॉम्ब टाकला तर जनतेला कसं वाचवायचं, याची रंगीत तालीम सरकारला करायची होती. एसटीला अजून न सापडलेली वाडी शत्रूला कशी सापडणार, हे कुणी विचारलं नाही.

वरून सूचना आली होती ती अशी : रासायनिक बाधा झालेल्या नागरिकांना शाळेच्या मैदानावर आणून बाधामुक्त करण्यात येईल. कोतवाल येडूनं स्पीकर हातात घेतला. 'रासायनिक' काही त्याच्या जिभेला पेलेना, म्हणून त्यानं तो शब्दच गाळून टाकला.

"ऐका हो ऐका! ज्याला कुनाला बाधा झाली आसंल त्याला शाळंम्होरं आना! सरकारची मानसं बाधा उतरवनार हायती! फुकाट!"

यातलं 'फुकाट' मात्र त्याच्या पदरचं होतं.

झालं! मैदानावर ही झुंबड उडाली. कुणी दारुड्या नवऱ्याला धरून आणलं, कुणी दूध चोरणारी म्हैस आणली. पथकप्रमुख इंद्रजीत साहेबांना आनंदानं काही सुचेना. लोक येतील की नाही, या काळजीनं बिचाऱ्यांचं जेवण तुटलं होतं. त्यात सोलापूरहून मोठे साहेब तालीम बघायला येऊन खुर्चीत बसले होते.

इंद्रजीत साहेबांच्या अंगात नखशिखांत पांढरा डगला, तोंडावर काच, हातात यंत्र.

"आगं बया! ह्यो तर लई मोठा देवरुषी!" अंबुबाईंनी हात जोडले आणि सुनेला पुढं ढकललं.

"त्रास कधीपासून होतोय?" काचेआडून आवाज आला.

"लगीन झाल्यापासनं."

साहेब गडबडले. पण मोठे साहेब बघत होते. "लक्षणं काय आहेत?"

"उलटं बोलती. शेरडांचा वास सोसंना म्हनती."

"मळमळ? चक्कर?"

"मला येती की! हिचं बोलनं ऐकून."

"म्हणजे पसरतंय!" साहेब खूश झाले. वाडीवरची माणसं इतका झकास अभिनय करतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी यंत्राचं बटण दाबलं आणि यंत्र बोंबललं.

प्रियदर्शनी बारावी शिकलेली. तालीम म्हणजे काय, हे तिला चांगलं कळत होतं. चारचौघांत आपली अशी शोभा झाली म्हणून तिला अगदी रडू फुटायच्या बेतात होतं. पण साहेबांनी पाठ केलेलं पुढचं वाक्य म्हटलं आणि तिचं रडू कुठल्या कुठं पळालं.

"बाधा या बाईंमध्ये नाही, बाधा जागेत आहे! ताबडतोब घर सोडून सोलापूरच्या दिशेनं निघा. माणूस, जनावर, कुणालाही मागं ठेवू नका. सरकारनं धोका टळल्याचं जाहीर केल्याशिवाय परत फिरायचं नाही!"

"जुळे सोलापूर चालंल का ओ साहेब?" प्रियदर्शनीनं पटकन विचारलं.

साहेबांनी वाऱ्याचा अंदाज घेतल्यासारखं केलं. "उत्तम!"

अंबुबाईंचे डोळे भरून आले. "पोरीत काय न्हवतंच की! मीच मेली उगं बोल लावत बसले." त्यांनी सुनेच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. बिरुदेव कारखान्यातून येताच त्याला खोली बघायला पिटाळलं. तो "व्हय" म्हणाला.

नव्या खोलीतल्या पहिल्या सकाळी प्रियदर्शनी उन्हं वर येईपर्यंत मनसोक्त झोपली. जाग आली ती जिन्यातल्या बेंबें ऐकून. दार उघडलं, तर धापा टाकत अंबुबाई उभ्या. डोक्यावर ट्रंक, हातात दावं, दाव्याला शेरडी.

"आत्या, तुमी?"

"मग? साहेबानं काय सांगितलं? मागं कुनी ऱ्हायचं न्हाय. सरक, शेरडीला आत घिऊ दे."

बिरुदेव "व्हय" म्हणाला.

पंधरवड्यानं प्रियदर्शनी इंद्रजीत साहेबांच्या कार्यालयात हजर झाली. डोळे खोल गेलेले, पदराचा कोपरा शेरडीनं खाल्लेला.

"साहेब, पाया पडते तुमच्या. आमच्या वाडीवरचा धोका टळला, एवढं जाहीर करा की ओ! आत्या सरकारचं ऐकल्याबिगर हलायच्या न्हाईत."

साहेबांनी चष्मा काढला. तालीम यशस्वी झाल्यामुळं त्यांना आता मोठी केबिन मिळाली होती.

"तुमची अडचण समजते हो बाई. पण बॉम्ब पडलाच नाही. मग धोका टळला, असं सरकार कुठल्या तोंडानं जाहीर करणार?"